साथ ओसरल्यावरची प्रेमकथा

चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, प्लेगच्या मोठ्या महामारीनंतर घडणारी प्रेमकथा मी मराठीत लिहायला घेतली, तेव्हा घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी दोन शंका काढल्या. तिकडच्या, तेही पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसांशी मराठी वाचकाचं काय देणंघेणं, ही एक. आणि निम्मं गाव मेल्यावर कुणाला प्रेमबीम सुचतं का, ही दुसरी.

दुसरीचं उत्तर त्या काळच्या माणसांनीच लिहून ठेवलं आहे. पॅरिसमध्ये जाँ द व्हेनेत नावाचा कार्मेलाइट पंथाचा साधू राहत होता. त्याच्या बखरीत नोंद आहे की साथ थांबली तशी मागे उरलेल्या बायकापुरुषांनी धडाधड लग्नं केली, जिकडे पाहावं तिकडे गरोदर बायका दिसू लागल्या, जुळी-तिळी जन्मली. पुढे तो असंही सांगतो की साथीनंतर जन्मलेल्या मुलांना बत्तीस दात येईनासे झाले, वीस-बावीसवरच थांबू लागले; आणि एवढं मरण पाहूनही जग सुधारलं नाही, माणसं आणखी हावरी आणि भांडखोर झाली. दातांचं सोडून देऊ. बाकीचं निरीक्षण मात्र उघड्या डोळ्यांनी आजूबाजूला पाहणाऱ्या माणसाचं आहे. लग्नं, बाळंतपणं, हाव आणि भांडणं. माझ्या कादंबरीचा ऐवज या चार गोष्टींतच होता.

आम्ही नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात राहिलो. तिथे वॉल्शम-ल-विलोज नावाचं गाव आहे. या गावाच्या जमीनदारी कोर्टाच्या चौदाव्या शतकातल्या नोंदी शाबूत राहिल्या आहेत. मूळ नोंदी लॅटिनमध्ये, लांबलचक चर्मपत्रांवर. त्यांचा इंग्रजी अनुवाद सफोक रेकॉर्ड्स सोसायटीने दोन खंडांत काढला, पहिला १९९८ साली आणि दुसरा २००२ साली. जॉन हॅचर या इतिहासकाराने याच गावाच्या आधाराने महामारीच्या काळावर २००८ साली एक पुस्तक लिहिलं. मी ते खंड वाचायला घेतले आणि कादंबरीची जागा ठरून गेली. गाव मी काल्पनिक ठेवलं, पण त्याचं पाणी वॉल्शमचं आहे.

हे कोर्ट म्हणजे खून-दरोड्याचं कोर्ट नव्हे. गावातली बरीचशी माणसं जमीनदाराची बांधील कुळं. त्यांच्या जमिनीचे हस्तांतर, वारसा, उधारी, एकमेकांच्या शेतात घुसलेली गुरं, पातळ किंवा महाग विकलेली बिअर, हे सगळं तिथे निघे. जमीनदाराचा कारभारी बसे, गावचेच पंच माहिती देत, कारकून लिहून घेई. कूळ मेलं की नोंद व्हायची ती आपल्या तलाठ्याच्या फेरफारासारखी: अमुक मयत झाला, त्याच्याकडे घर आणि इतके एकर होते, वारस अमुक. फरक एवढाच, की तिथे मधे आणखी एक कलम असे. मेलेल्या कुळाच्या गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर जमीनदाराला द्यावं लागे. गाय, घोडी, ते नसेल तर मेंढी. काहीच नसेल तर तसं लिहिलं जाई.

१५ जून १३४९ रोजी वॉल्शममध्ये जे कोर्ट भरलं, त्यात १०३ मृत्यूंची नोंद आहे. एका बैठकीत. त्यातही ही यादी मुख्यतः जमीन ज्यांच्या नावावर होती त्यांची. बिनजमिनीचे मजूर, पोरंबाळं, ज्यांच्या मरणाने कुणाच्या नावात बदल होत नव्हता अशी माणसं या यादीत यायचं कारणच नव्हतं. नोंदी वाचत गेलं की थोड्या वेळाने हात आखडतो. बाप मेला, वारस मुलगा. तोही मेला, वारस त्याचा भाऊ. तोही मेला, वारस बहीण. कारकुनाने दुःखाचा एक शब्द लिहिलेला नाही, ते त्याचं कामही नव्हतं. मी एक वही केली. डाव्या पानावर घर, उजव्या पानावर त्या घरात कोण उरलं. उजवी पानं जसजशी भरत गेली तशी माझी पात्रं मला दिसू लागली.

तिथेच नायिका सापडली. साथीआधी तिच्या नावावर काही असण्याचा संभव नव्हता. दोन भाऊ होते, काका होता, चुलत भाऊ होते. जूनच्या कोर्टानंतर बारा एकर आणि एक घर तिच्या नावावर आलं. असं खरोखर अनेक ठिकाणी घडलं. पुरुष वारस संपले तिथे जमीन बायकांकडे आली. तिचं नाव मी ॲग्नेस ठेवलं. त्या नोंदींत नावांचा मोठा तुटवडा आहे. जॉन, विल्यम, रॉबर्ट, ॲलिस, ॲग्नेस, मटिल्डा यांतच अर्धं गाव बसतं. कादंबरीत सगळ्यांना वेगवेगळी सुरेख नावं देणं सोपं होतं, पण मी तो मोह टाळला. तिच्या मेलेल्या भावाचं नाव आणि तिच्याकडे मागणी घालणाऱ्या शेजाऱ्याचं नाव एकच ठेवलं, जॉन. अंगणात कुणी त्या नावाने हाक मारली की तिचं काय होत असेल, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

बारा एकर हातात येणं म्हणजे सुख नव्हे, हे मला नीट दाखवायचं होतं. नांगराला माणूस नाही. कारभाऱ्याच्या आवारात मेलेल्यांच्या घरांतून आलेली जनावरं दाटलेली, आणि ती घ्यायला गिऱ्हाईक नाही. लेस्टरचा बखरकार हेन्री नायटन लिहितो की आधी ४० शिलिंगांना जाणारा घोडा तेव्हा अर्ध्या मार्काला, म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्सना मिळू लागला, आणि मेंढ्या-गुरं राखणदाराविना पिकांतून मोकाट फिरत होती. माझ्या पुस्तकातलं एक प्रकरण फक्त त्या आवाराचं आहे. ॲग्नेस आपल्या काकाची गाय ओळखते. ती गाय आता जमीनदाराची. तिला दूध काढायला कुणी नाही, कास तटतटली आहे, ती हंबरते आहे. ॲग्नेस कुंपण ओलांडून आत जाते, खाली बसते आणि धार काढते. दूध जमिनीवर सांडू देते, कारण ते घरी नेलं तर चोरी ठरेल. तिचं रडणं मी लिहिलं नाही. ते प्रकरण लिहून झाल्यावर मला ही बाई कळली.

नायक कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. महामारी इंग्लंडात उतरली ती १३४८ च्या जूनमध्ये, डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या मेलकम रेजिस बंदरात; ते आता वेमथचा भाग आहे. त्या साली शरदात ती लंडनला पोचली, पश्चिमेकडच्या सॉमरसेटमध्ये हिवाळाभर माणसं मारत राहिली आणि पुढच्या वसंतात सफोकमध्ये शिरली. म्हणजे सॉमरसेटहून पूर्वेकडे चालत आलेला माणूस हे सगळं काही महिने आधी भोगून आलेला असणार. माझा टॉमस तसा आहे. तोही बांधील कूळ. त्याच्या गावात मालक धरून कुणी उरलं नाही, म्हणून तो रस्त्याला लागला. त्याच्या जन्मगावचा कुणी हक्कदार जागा झाला तर त्याला ओढून परत नेऊ शकतो, हे त्याला ठाऊक आहे.

त्याच्या पोटात एक गुपित आहे आणि सगळी कथा त्यावर उभी आहे. ते मी कल्पनेने रचलं, पण त्याचा पाया एका खऱ्या पत्रात आहे. बाथ आणि वेल्सचे बिशप राल्फ ऑफ श्रूजबरी यांनी जानेवारी १३४९ मध्ये आपल्या सगळ्या धर्मगुरूंना कळवलं की पाद्री इतके मेले आहेत किंवा भीतीने येत नाहीत, की लोक पापांची कबुली न देताच मरत आहेत. तेव्हा मरणाऱ्याने पाद्री मिळत नसेल तर कुठल्याही सामान्य माणसाजवळ कबुली द्यावी, पुरुष नसेल तर बाईजवळही द्यावी. ऐकणाऱ्याने ती गुपित ठेवली पाहिजे, असंही त्यात बजावलं आहे. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. चर्चने शेकडो वर्षं आपल्या हातात ठेवलेली गोष्ट एका पत्राने गोठ्यातल्या, ओसरीवरच्या माणसांच्या हातात दिली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अशा किती जणांनी त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांची पापं ऐकली असतील आणि जन्मभर पोटात ठेवली असतील!

लोकरीच्या गाड्यांबरोबर सॉमरसेटला आलेला एक सफोकचा गडी तिथेच आजारी पडतो आणि टॉमसजवळ कबुली देतो. ॲग्नेसने कधी कुणाला लग्नाचं वचन दिलं नव्हतं. मागणी घालणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या पैशांसाठी, तिने त्याला वचन दिलं होतं अशी खोटी साक्ष आपण द्यायचं कबूल केलं होतं, असं तो सांगतो. टॉमसला तेव्हा ॲग्नेस कोण हेही माहीत नसतं. काही महिन्यांनी तो तिच्या शेतावर कापणीला उभा राहतो.

ही गुंतागुंत शक्य होती, कारण त्या काळचा विवाहविषयक कायदा आज आपल्याला चकित करील असा होता. लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर घोषणा करावी, हा नियम १२१५ पासून होता. लग्न चर्चच्या दाराशी, सगळ्यांसमोर लावायचं, हा रिवाज होता. पण एवढं सगळं टाळून, गवताच्या गंजीमागे दोघांनीच एकमेकांचा हात धरून आत्ता या क्षणी मी तुला स्वीकारतो, स्वीकारते असं म्हटलं, तरी चर्चच्या लेखी ते लग्न पक्कं होत असे. नियम मोडल्याबद्दल दंड-शिक्षा होई, पण लग्न रद्द होत नसे. त्यामुळे धर्मकोर्टात असे दावे सारखे येत: हिने मला तेव्हा वचन दिलं होतं, आता दुसऱ्याशी लग्न करते आहे. दावा सिद्ध करायला दोन साक्षीदार लागत. आणि १३४९ नंतर साक्षीदार मेलेले.

माझ्या एका जाणकार मैत्रिणीने हस्तलिखित वाचून विचारलं, टॉमस कोर्टात उभा राहून खरं का सांगत नाही? सांगितलं की गोष्ट संपली, दोघं सुखी. तिच्या म्हणण्यात वाचकाची रास्त घाई होती. पण टॉमससाठी ती कबुली म्हणजे मेलेल्या माणसाची शेवटची ठेव आहे. ती त्याने आपल्या सुखासाठी फोडली, तर साथीच्या काळात त्याच्यासारख्या हजारो अडाणी माणसांनी निभावलेला विश्वास मी कादंबरीत मोडला असता. म्हणून तो गप्प राहतो. शेजाऱ्याचा दुसरा साक्षीदार उभा राहत नाही आणि दावा पडतो. टॉमसला काय माहीत होतं हे ॲग्नेसला शेवटपर्यंत कळत नाही. मला ही या पुस्तकातली सगळ्यांत मोठी प्रेमाची गोष्ट वाटते.

कोर्टाच्या पलीकडेही अडचणी होत्याच. चार पिढ्यांपर्यंतच्या नात्यात लग्न चालत नसे. कुणाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता म्हणून उभं राहिलं तर तेही नातं आड येई. भरल्या गावात हा नियम पाळणं जमून जाई. गावात मोजकी घरं उरल्यावर प्रत्येक जण कुणा ना कुणाचा लागत होता. शिवाय बांधील कुळाच्या मुलीला लग्नासाठी जमीनदाराची परवानगी काढावी लागे आणि तिचे पैसे मोजावे लागत; किती, ते कारभारी ऐपत पाहून ठरवी. परवानगीविना लग्न केलं तर दंड, लग्नाविना दिवस गेले तर वेगळा दंड. कोर्टाच्या नोंदींत या रकमा ओळीने लिहिलेल्या आहेत. माझ्याजवळ नायक-नायिकेचं पहिलं चुंबन लिहायला जेवढी साधनं होती, त्याहून जास्त त्या चुंबनाच्या दंडाची होती.

आणि मग मजुरी. मला वाटतं महामारीनंतरच्या प्रेमकथेतला हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. माणसं मेली, कामाला हात कमी पडले, मागे उरलेला मजूर दुप्पट मागू लागला. तिसऱ्या एडवर्ड राजाने १८ जून १३४९ लाच फर्मान काढलं: साठ वर्षांखालच्या, धडधाकट आणि स्वतःची जमीन वा धंदा नसलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने, जो बोलावील त्याच्याकडे जुन्याच मजुरीवर काम केलं पाहिजे. म्हणजे वॉल्शमच्या कोर्टात मेलेल्यांची नावं वाचली गेली, त्याच आठवड्यात. १३५१ च्या कायद्याने दर ठरवून दिले. गवत सुकवायला दिवसाला १ पेनी, गवत कापायला ५ पेन्स, पीक कापायला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेन्स, दुसऱ्यात ३. वर जेवण नाही. न मानणाऱ्यासाठी गावोगाव खोडे उभारायचे.

ॲग्नेस आता बारा एकरांची धनीण आणि टॉमस तिचा रोजंदार. कायदा तिच्या बाजूचा आहे. दोन पेन्सच्या वर एक छदामही देऊ नकोस असं तिला कारभारी सांगतो. दिलं तर शेजारचे जमीनवाले तिच्यावर उलटणार. आणि टॉमसला ठाऊक आहे की पुढच्या गावात गुपचूप चार पेन्स आणि जेवण मिळतंय. तो का थांबतो आणि ती काय देते, या प्रश्नावर मी दोघांची पहिली खरी भेट रचली. बांधावर बसून ती त्याला भाकरीसारख्या जाड, बार्लीच्या पावात वाटाण्याचं गरगटं भरून देते. मजुरी कायद्याप्रमाणे, पण जेवण वर. कायद्यात जेवणाला मनाई आहे हे दोघांनाही माहीत आहे. दोघं निमूट जेवतात. त्या जेवणाने जे सांगितलं, ते माझ्या कुठल्याच संवादाने सांगितलं नसतं.

जेवणाचा विषय निघाला म्हणून सांगते. त्या टेबलावर बटाटा, टोमॅटो, मका ठेवता येत नाही, ही पिकं अमेरिका खंडातून फार नंतर आली. आपल्याकडेही त्या काळी मिरची नव्हती. नामदेवांनी १३५० साली समाधी घेतली असं परंपरा सांगते, म्हणजे माझे टॉमस-ॲग्नेस त्यांच्या काळातले. हे लक्षात आलं तेव्हा ती परकी माणसं माझ्या फार जवळ आली. ॲग्नेसच्या घराला धुराडं नाही. चूल मध्यभागी, धूर शाकारलेल्या छपरातून वाट काढील तसा जाणार. खिडकीला काच नाही, लाकडी झडपा. बायका घरी बिअर गाळत. ती चार-सहा दिवसांत आंबून जाई, म्हणून गाळणारीने दाराशी खूण लावायची आणि शेजाऱ्यांनी घेऊन जायचं. साथीनंतर गाळलेली बिअर प्यायला माणसंच नव्हती. तारखा कुणी सांगत नसे. सेंट जॉनचा सण, लॅमस, मायकेलमस असं सणांच्या नावाने बोलत. माझ्या प्रकरणांची नावं तीच आहेत. मुखपृष्ठासाठी चित्रकाराने लांब चोचीचा मुखवटा घातलेला वैद्य काढून पाठवला होता, फार सुंदर काढला होता. पण तो वेश सतराव्या शतकातला. त्याने मनापासून ऐकून घेतलं आणि त्या जागी रिकामं कुंपण आणि एक गाय काढली.

दुःख किती आणि कसं लिहायचं, हा प्रश्न लिखाणभर सोबत होता. सिएना शहराच्या आन्योलो दि तुरा या बखरकाराने लिहून ठेवलंय की त्याने आपली पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. असं वाक्य वाचल्यावर कादंबरीकाराने कुठल्या तोंडाने विशेषणं वापरावीत? हर्टफर्डशरमधल्या ॲशवेल गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये मी गेले, ते त्यासाठीच. तिथे मनोऱ्याच्या आत, उत्तरेच्या भिंतीवर, खडूसारख्या मऊ दगडात कुणीतरी अणकुचीदार वस्तूने लॅटिन ओळी कोरल्या आहेत. त्यात १३५० साल आहे, महामारी आहे आणि मागे उरलेल्या हताश माणसांची दशा आहे. खाली सेंट मॉरसच्या दिवशी झालेल्या वादळाची नोंद आहे, जानेवारी १३६१ ची. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने आपल्या हिशेबाने ते १३६२. अक्षरं वाकडीतिकडी, ओळ वर चढत गेलेली. कोरणाऱ्याने आपलं नाव लिहिलेलं नाही. तिथून आल्यावर मी मरणाच्या प्रसंगांतली विशेषणं काढून टाकली. काखेत, जांघेत गाठ, ताप, तीन-चार दिवस, आणि माणूस नाही. एवढंच ठेवलं. वाचकाला तेवढं पुरतं, आणि तेवढंच खरं आहे.

आता पहिल्या शंकेकडे येते. मराठी वाचकाचं या सगळ्याशी काय नातं?

लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड भागात १३४८-४९ मध्ये महामारीच्या मृतांसाठी दफनभूमी उघडली होती. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून शास्त्रज्ञांनी रोगजंतू शोधला आणि २०११ साली त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. तो येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला उतरला तोच. तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवलं ते कराचीत, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली ती मुंबईत. म्हणजे टॉमसचं गाव कशाने मेलं, हे जगाला कळलं त्यात आपल्या माणसांचं मरण खर्ची पडलं आहे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, त्या पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना.

एक फरक मला लिहिताना फार जाणवला. १८९७ च्या पुण्यात सरकार साथीच्या काळातच घरात शिरलं. सोल्जर माजघरापर्यंत गेले, आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. १३४९ च्या इंग्लंडात मरणाऱ्याच्या घरी राजाचं कुणी गेलं नाही. राजा आला तो नंतर, जिवंत उरलेल्याची मजुरी ठरवायला. माझ्या कादंबरीतला खलनायक म्हणूनच कुणी एक माणूस नाही. खोटा दावा करणारा शेजारीसुद्धा मी वाईट रंगवला नाही. त्याचीही तीन पोरं गेली आहेत, आणि त्याला एकट्याने नांगर धरवत नाही.

शेवट कुठे करायचा, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. ॲग्नेस कारभाऱ्यापुढे लग्नाच्या परवानगीचे पैसे भरते आणि कारकून तिचं नाव लिहितो, तिथे कथा थांबते. साल १३५२. पण त्यानंतर एक पान आहे. त्यात फक्त एवढंच सांगितलं आहे की महामारी १३६१ मध्ये परत आली आणि त्या वेळी तिने मुलांना फार नेलं, इतकं की लोक तिला मुलांची साथ म्हणू लागले. ते पान काढा, वाचक खट्टू होईल, असं मला एका संपादकांनी आपुलकीने सुचवलं होतं. मी ते ठेवलं. १३५२ साली लग्न करणाऱ्या जोडप्याला पुढे काय येणार हे माहीत नव्हतं, तरी त्यांनी घर मांडलं. वाचकाला माहीत असलं पाहिजे, तरच त्या घर मांडण्याचं मोल त्याला कळेल.

२०२०-२१ नंतर आपल्याकडेही साथीच्या गोष्टी लिहिल्या जातात आणि प्रेमकथांना साथीची पार्श्वभूमी दिली जाते. लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. साथ ही नुसती पार्श्वभूमी म्हणून घेऊ नका. कोण मेलं, त्याची जमीन कुणाकडे गेली, मजुरी किती झाली, विधवेच्या नावावर काय लागलं, हे आधी शोधा. तुमचे नायक-नायिका तिथेच भेटतील. त्यासाठी सफोकला जायला नको. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यातली गावंच्या गावं ओस पाडली, आणि तोवर आपल्याकडे गावोगाव हक्कनोंदणी सुरू झालेली होती. त्या सालानंतरच्या वारसाच्या नोंदी तहसिलीतल्या जुन्या फेरफार नोंदवह्यांत, गाव नमुना ६ मध्ये आहेत. कुणीतरी त्या उघडून बसावं आणि त्यातून एक प्रेमकथा लिहावी. ती मराठीत अजून लिहायची राहिली आहे.